जुन्या कॅमेऱ्याची घरगुती जोडसाधने
(इयत्ता ६ वी व ७ वी : हस्तव्यवसाय व सामान्य विज्ञान यांचा संयुक्त पाठ)

प्रयोजन

सातपाटीसारख्या किनाऱ्यावरील गावात एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर फिल्मचा कॅमेरा अद्याप पडून असण्याचा संभव असतो. कोठे घडीचा, कातडी भात्याचा. कोठे पेटीवजा, तर कोठे पूर्वी बडोद्यास तयार होत असे तो ‘आग्फा क्लिक-३’. खाऱ्या हवेने त्याच्या खिळ्यांस गंज चढतो, भात्याला भोके पडतात आणि एके दिवशी तो भंगारवाल्याच्या पोत्यात जातो. वास्तविक अशा कॅमेऱ्यात बिघडण्यासारखे भाग थोडेच असतात. बहुधा उणीव असते ती जोडसाधनांची. भिंगावरील छत्र, जवळचे चित्र घेण्याचे भिंग, पिवळी काच, तिवई या वस्तू हरवलेल्या असतात, आणि त्या विशिष्ट कॅमेऱ्यास बसणाऱ्या नव्या वस्तू सहसा मिळत नाहीत.

या वस्तू पुठ्ठा, दोरी, तार व चष्म्याची काच यांतून शाळेत करता येतात. त्या करताना मुलांना माप घ्यावे लागते, कोन काढावा लागतो आणि प्रकाशाचा नियम पाळावा लागतो. नियम चुकला तर वस्तू काम देत नाही, आणि का देत नाही ते डोळ्यांना दिसते. पुस्तकातील विधान पाठ होते. हाताने केलेली वस्तू मात्र पारखून घ्यावी लागते. हा पाठ मुख्यतः या पारखण्याचा आहे.

आज घरोघरी भ्रमणध्वनीवर चित्रे घेतली जातात, मग हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पालक विचारतील. त्यास उत्तर असे की, भ्रमणध्वनीत सर्व योजना बंद डबीत आपोआप होते. जुन्या कॅमेऱ्यात ती उघडी असते व मुलाला स्वतः करावी लागते. शिवाय १२० क्रमांकाच्या एका फिल्मवर ६ × ६ सें.मी. आकाराची केवळ १२ चित्रे येतात. फिल्म महाग असते. बारांपैकी एक चुकले, तर ते परत मिळत नाही. म्हणून प्रत्येक चित्रापूर्वी विचार करण्याची सवय लागते.

पूर्वपीठिका

आपल्या प्रांतात यंत्र हाती नसता ते घडविण्याची परंपरा जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली इंग्लंडहून विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणला. त्या काळी कडांना छिद्रे नसलेली फिल्म येई व ती छिद्रे घरीच पाडावी लागत. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करीत. प्रथम फाळक्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक लहानसा चित्रपट सिद्ध केला. त्यानंतर १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

कोल्हापुरात याहून पुढची मजल मारली गेली. नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव व बाबूराव पेंटर हे दोघे चित्रपटाच्या ध्यासाने कॅमेराच घडवू लागले. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. काम अर्धवट राहिले, परंतु बाबूरावांनी ते सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली कॅमेरा पूर्ण झाला, आणि त्याच सुमारास स्थापन झालेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० साली लोकांपुढे आला. ही हकीकत मुलांस थोडक्यात सांगावी. आपल्याला कॅमेरा घडवावयाचा नाही; असलेल्या कॅमेऱ्यास जोड द्यावयाची आहे.

साहित्य

जाड पुठ्ठा, काळा कागद, काजळ, डिंक, बटर पेपर, वाचनाच्या मोडक्या चष्म्याची काच, पिवळा जिलेटिन कागद, जाड तार, न ताणणारी दोरी, कापडी पिशवी व कोरडी वाळू, पाव इंची बोल्ट, विजेरी, काळे घट्ट विणीचे कापड, पंक्चर काढण्याचे सोल्यूशन, फूटपट्टी व आलेख-कागद.

पाते व कात्री यांचे काम शिक्षकाने आपल्या देखरेखीखाली करवावे. कोणत्याही भिंगातून सूर्याकडे पाहू देऊ नये, व भिंगे उन्हात उघडी ठेवू नयेत.

पहिली पायरी : अंधार पारखणे

फिल्म घालण्यापूर्वी कॅमेरा आतून काळोखा आहे काय, हे पाहावे. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या पोटात पेटती विजेरी ठेवून मागील झाकण शक्य तितके लावावे व फट कापडाने झाकावी. भात्याच्या घडीच्या कोपऱ्यांतून चांदण्यांसारखे ठिपके दिसले, तर तेथून फिल्मवर प्रकाश पडणार. प्रत्येक ठिपक्यास खडूने खूण करावी. मग काळ्या कापडाचे बारीक ठिगळ सोल्यूशनने आतल्या बाजूस चिकटवावे. ठिगळ पातळ असावे, नाहीतर भाता नीट मिटत नाही. सुकल्यावर परीक्षा पुन्हा करावी.

मागील झाकणावरील लाल खिडकीकडे विशेष लक्ष द्यावे. तिच्यातून कागदावरील आकडे पाहून फिल्म पुढे सरकवितात. जुन्या काळच्या बऱ्याच फिल्मांवर लाल प्रकाशाचा परिणाम होत नसे, म्हणून काच लाल ठेवली गेली. आजची सर्वसाधारण कृष्णधवल फिल्म लाल प्रकाशही टिपते. तेव्हा खिडकीवर काळ्या कापडाची दुहेरी झडप बसवावी व आकडा पाहण्यापुरतीच, तीही सावलीत, उघडावी. शंभर वर्षांपूर्वी निर्दोष असलेली योजना आज सदोष का ठरली, हे मुलांस विचारावे. यंत्र बदलले नाही, फिल्म बदलली, हे उत्तर त्यांच्याकडूनच यावे.

दुसरी पायरी : दर्शक पडदा

फिल्म ज्या चौकटीवरून सरकते, तीवर बटर पेपर ताणून चिकटपट्टीने बसवावा. मागील झाकण उघडेच असावे. शटर उघडे ठेवण्याची सोय असल्यास ते तसे ठेवून कॅमेरा दूरच्या डोलकाठीकडे रोखावा आणि डोक्यावर काळे कापड घेऊन पडदा पाहावा. डोलकाठी उलटी दिसते. उजवी बाजू डावीकडे जाते. हे पाहून वर्गात जो गलका होतो, तो होऊ द्यावा; नंतर कारण विचारावे. ज्या कॅमेऱ्यात अशी सोय नसेल, त्यासाठी हीच परीक्षा सुट्या भिंगाने व पुठ्ठ्याच्या नळीने करावी.

या पडद्याचे तीन उपयोग आहेत. एक, दूरची वस्तू स्पष्ट दिसत असता भिंगापासून पडद्यापर्यंतचे अंतर मोजले की भिंगाचे नाभीय अंतर स्थूलमानाने कळते. ६ × ६ च्या कॅमेऱ्यात ते बहुधा ७५ मि.मी.च्या आसपास भरते. दोन, कॅमेऱ्यावर मीटर किंवा फुटांचे आकडे कोरलेले असल्यास ते खरे आहेत की नाही, हे पावलांनी अंतर मोजून ताडता येते. तीन, पुढे करावयाचे प्रत्येक साधन फिल्म खर्च न करता येथे तपासता येते.

तिसरी पायरी : भिंगछत्र

सातपाटीचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. सकाळी ऊन गावाच्या पाठीकडून येते व वाळूवर ओढलेल्या नौका उजळतात. दुपार कलली की सूर्य समुद्रावर उतरतो आणि होड्यांकडे रोखलेल्या कॅमेऱ्यात आडवा प्रकाश शिरतो. ओली वाळू व पाणी यांवरून उलटणारी चकाकी त्यात भर घालते. हा प्रकाश चित्राचा भाग नसतो. तो भिंगाच्या काचेवर व कॅमेऱ्याच्या आतील भिंतींवर विखुरतो आणि सर्व चित्र फिके करतो. डोळ्यांवर हात धरून समुद्राकडे पाहणारा तांडेल जे करतो, तेच भिंगछत्र भिंगासाठी करते.

छत्र किती लांब असावे? लांब छत्राने चित्राचे कोपरे कापले जातात. फार आखूड छत्राचा उपयोग नाही. येथे गणित कामास येते. फिल्मवरील चित्राची प्रत्यक्ष बाजू सुमारे ५६ मि.मी. असते. तिचा कर्ण सुमारे ७९ मि.मी. होतो. आलेख-कागदावर ७९ मि.मी. लांबीची रेषा काढावी, तिच्या मध्यापासून ७५ मि.मी. अंतरावर भिंगाचा बिंदू ठेवावा आणि रेषेच्या दोन्ही टोकांपासून त्या बिंदूतून जाणाऱ्या रेषा पुढे वाढवाव्यात. भिंगाच्या पलीकडे उघडणारा हा पंखा म्हणजे कॅमेऱ्याची दृष्टी होय. समरूप त्रिकोणांवरून असे दिसते की, भिंगापासून जितके मि.मी. पुढे जावे, जवळपास तितकेच मि.मी. हा पंखा रुंदावतो.

उदाहरणार्थ, भिंगाच्या काचेचा व्यास १५ मि.मी. व तिच्या कड्याचा बाहेरील व्यास ३० मि.मी. असल्यास, कड्यावर बसणारी सरळ नळी १४ मि.मी.पर्यंत पुढे आली तरी चालते. कारण १५ अधिक १४ मिळून २९ होतात, ३० ची मर्यादा ओलांडली जात नाही. कामातील कमीजास्त लक्षात घेऊन नळी १२ मि.मी. ठेवावी. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येक गटाने आपल्या कॅमेऱ्याची मापे घ्यावीत.

पुठ्ठ्याची पट्टी कड्याभोवती गुंडाळून नळी करावी व आतून काजळ-डिंकाचा लेप द्यावा. डिंक जास्त झाल्यास लेप चकाकतो आणि छत्रच प्रकाश परतवू लागते. म्हणून लेप निस्तेज असावा. नंतर दर्शक पडद्यावर चारही कोपरे पाहावेत. एक गट मुद्दाम ३० मि.मी. लांबीची नळी करील अशी योजना करावी. तिच्यातून पाहिले असता कोपरे काळे झालेले दिसतात, आणि गणिताने मनाई केलेली गोष्ट डोळ्यांना पटते.

चौथी पायरी : जवळचे भिंग

पेटीवजा कॅमेऱ्याने तीन-चार मीटरांच्या आतील वस्तू अस्पष्ट येतात. जाळ्याची गाठ किंवा जाळे विणण्याची सुई टिपावयाची तर बाहेरून बहिर्गोल भिंग जोडावे लागते. वाचनाच्या चष्म्याची काच याकरिता उत्तम. तिची शक्ती कळत नसल्यास खिडकीसमोरच्या भिंतीवर बाहेरील दूरच्या झाडाची प्रतिमा पाडावी. प्रतिमा ५० सें.मी.वर स्पष्ट पडली, तर शक्ती २ डायॉप्टर, ३३ सें.मी.वर पडली, तर ३ डायॉप्टर. मीटरमधील अंतराने १ ला भागले की शक्ती मिळते.

समजा कॅमेरा मूळचा ४ मीटरवर स्पष्ट दाखवितो. १ भागिले ४ म्हणजे ०.२५. त्यात भिंगाची शक्ती २ मिळविली की २.२५ होतात. १ ला २.२५ ने भागले की ०.४४ मीटर, म्हणजे ४४ सें.मी. आले. एवढ्या अंतरावरील वस्तू आता स्पष्ट येईल. मागेपुढे दोन बोटांहून अधिक फरक मात्र चालणार नाही. डोळ्याच्या अंदाजाने हे अंतर साधत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या पुढील भागास दोरी बांधून ४४ सें.मी.वर गाठ मारावी. गाठ वस्तूस टेकली की अंतर बरोबर. गाठ कोणती व ती सरकणार नाही कशी, हे कोळ्याच्या मुलास शिकविण्याची गरज पडू नये. येथे त्याने इतरांना शिकवावे.

आणखी एक अडचण आहे. पाहण्याची खिडकी भिंगाच्या वर असते. दूरच्या दृश्यात हा फरक जाणवत नाही. जवळ आल्यावर मात्र खिडकीत गाठ मध्यावर दिसते आणि फिल्मवर ती वर सरकून अर्धी तुटते. उपाय म्हणून जाड तारेची ३० सें.मी.ची चौरस चौकट करून ती दोन काटक्यांनी भिंगापुढे ४४ सें.मी.वर, भिंगाच्या समोरासमोर धरावी. ७५ मि.मी. नाभीय अंतराच्या कॅमेऱ्यात या अंतरावर सुमारे ३२ सें.मी. चौरसाचे क्षेत्र चित्रात येते. म्हणून चौकटीच्या आत जे येईल, ते चित्रात येईल. खिडकीकडे पाहण्याचे कारणच उरत नाही.

पाचवी पायरी : पिवळा कागद

कृष्णधवल फिल्मवर निळे आकाश बहुधा पांढरे उमटते व पांढरे ढग त्यात विरून जातात. पिवळा कागद निळा प्रकाश अडवितो. आकाश किंचित काळवंडते व ढग उठून दिसतात. जिलेटिनचा सुरकुतीविरहित तुकडा दोन पुठ्ठ्यांच्या कड्यांत दाबून भिंगावर बसवावा. सुरकुती असल्यास चित्र पाझरल्यासारखे येते.

पिवळ्या कागदाने प्रकाश साधारण निम्मा होतो, म्हणून एरवी तो दुप्पट द्यावा लागतो. पेटीवजा कॅमेऱ्यात मात्र वेगळे घडते. त्याचे शटर बहुधा १/३० ते १/५० सेकंद उघडते. जुन्या मंद फिल्मांसाठी तेवढा वेळ योग्य होता. आजच्या १०० वेगाच्या फिल्मवर भर उन्हात तेवढ्या वेळात गरजेहून पुष्कळच अधिक प्रकाश पडतो. तेव्हा वाळूवरील दुपारच्या चित्रास पिवळा कागद लावूनही प्रकाश वाढविण्याची गरज नसते. ढगाळ दिवशी तो काढून ठेवावा.

सहावी पायरी : स्थैर्य

कॅमेऱ्याच्या तळाशी तिवईचे छिद्र असते. ते पुष्कळदा पाव इंची असते. काही जुन्या युरोपीय कॅमेऱ्यांत ३/८ इंची आढळते. योग्य बोल्ट हाताने सहज फिरतो. जोर लावू नये. बोल्ट ४ ते ५ मि.मी.पेक्षा अधिक आत गेल्यास कॅमेऱ्याचा तळ फुटण्याचा धोका असतो, म्हणून मध्ये पुठ्ठ्याच्या चकत्या घालाव्यात. बोल्टला दोरी बांधावी, तिचे दुसरे टोक पायाखाली दाबावे व कॅमेरा वर ओढून दोरी ताठ करावी. हात हलणे पुष्कळ कमी होते. या कामी नायलॉनची दोरी घेऊ नये. ती ताणली जाते. सुती किंवा तागाची बरी. कोणती दोरी किती ताणते, हे दगड टांगून मोजण्याचा प्रयोग येथेच जोडून घ्यावा.

जेथे कॅमेरा टेकविता येतो, तेथे वाळूची पिशवी पुरते. वाळू गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून व पिशवी दुहेरी शिवून घ्यावी. खारट वाळूचा कण शटरमध्ये गेल्यास तो गंजाचे बीज होतो. काम संपल्यावर कॅमेरा कोरड्या फडक्याने पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतील ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावा. कातडी पेटीत ठेवू नये. दमट हवेत कातड्यावर बुरशी येते व ती भिंगावर चढते.

बारा चित्रांचा उपयोग

साधने पारखून झाल्यावरच फिल्म घालावी. कोणती बारा चित्रे घ्यावयाची, हे वर्गाने आधी चर्चेने ठरवावे. सातपाटीत विषयांची वाण नाही. शिडाच्या होड्या जाऊन यंत्रचलित नौका आल्या, सुती जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली. हे बदल मुलांच्या आजोबांनी पाहिले. ज्या पापलेटसाठी हे गाव प्रसिद्ध आहे, त्यास २०२३ साली राज्यमाशाचा मान मिळाला. परंतु ते पकडणाऱ्या, निवडणाऱ्या, बर्फात भरणाऱ्या व विकणाऱ्या हातांची चित्रे किती घरांत जपलेली आहेत? जाळे सांधणारी बोटे, विणण्याची सुई, बांबूंवर वाळणारे बोंबील, ओहोटीच्या वेळची खाडी, जुन्या नौकेचा नाळीकडील भाग, एखाद्या आजीचा चेहरा असे विषय मुले स्वतः सुचवितील.

वेळेचाही विचार करावा. १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात यंत्रचलित नौका समुद्रात जात नाहीत व डागडुजी चालते. पण तेव्हा प्रकाश मंद व पाऊस फार. म्हणून मे महिन्यात नौका ओढल्या जाऊ लागताच काम उरकावे. शाळेला सुटी असल्याने यासाठी दोन सकाळी आधीच ठरवून ठेवाव्यात.

कोणाचेही चित्र त्याच्या संमतीशिवाय घेऊ नये. कामात असलेल्या बायांना आधी विचारावे व चित्राची एक प्रत त्यांच्या घरी पोहोचवावी. प्रत्येक चित्राची नोंद वहीत करावी : दिनांक, वेळ, भरती की ओहोटी, ऊन की ढग, वापरलेले साधन, अंतर आणि चित्रातील वस्तूचे गावात चालणारे नाव. हे शेवटचे नाव मुलांनी घरच्या वडील माणसांस विचारून जसेच्या तसे लिहावे. ग्रंथात न सापडणारे कितीतरी शब्द अशा वहीत उतरतील.

फिल्म धुण्यासाठी शहरातील चित्रशाळेकडे द्यावी. रसायने प्राथमिक वर्गातील मुलांच्या हाती देऊ नयेत. चित्रे आल्यावर चांगली व बिघडलेली, सर्व बाराही भिंतीवर लावावीत. बिघडलेल्या चित्राशेजारी वहीतील नोंद ठेवून कारण शोधावे. कोपरा काळा असेल तर छत्र पाहावे, गाठ अस्पष्ट असेल तर दोरी मोजावी, पांढरा पट्टा असेल तर भाता पुन्हा अंधारात तपासावा. दोष मुलाचा म्हणून सांगू नये. तो साधनात कोठे आहे, ते शोधून दुरुस्त करवावा.

स्वाध्याय

१. भिंगाच्या काचेचा व्यास २० मि.मी. व कड्याचा व्यास ३६ मि.मी. आहे. नाभीय अंतर व चित्राचा आकार वरीलप्रमाणेच असल्यास सरळ नळीचे छत्र जास्तीत जास्त किती लांब करता येईल?

२. कॅमेरा ४ मीटरवर स्पष्ट दाखवितो. त्यास ३ डायॉप्टरचे भिंग जोडले, तर दोरीची गाठ किती अंतरावर मारावी?

३. दर्शक पडद्यावर प्रतिमा उलटी का दिसते, हे आकृती काढून सांगा.

४. लाल खिडकी पूर्वी निर्धोक होती व आता नाही, याचे कारण दोन वाक्यांत लिहा.

५. आपल्या घरातील अशी एक जुनी वस्तू शोधा की जिचा एखादा भाग हरवल्याने ती निरुपयोगी झाली आहे. तो भाग कशाचा करता येईल, त्याची मापे कशी घ्यावी लागतील व तो बरोबर झाला हे कसे पारखाल, ते आकृतीसह लिहा.

शिक्षकांस सूचना : पहिल्या उदाहरणाचे उत्तर सुमारे १५ मि.मी. व दुसऱ्याचे सुमारे ३१ सें.मी. येते. पाचव्या प्रश्नाचे उत्तर एकच नाही. त्यातील निवडक वस्तू पुढील सत्रात हस्तव्यवसायाच्या तासाला प्रत्यक्ष करावयास घ्याव्यात.